डाव्या डोळ्याचं खोटं

रतन, तुझ्या पुण्यानुमोदनाला मी तुझ्याबद्दल चार शब्द बोललो. गल्लीतच मांडव टाकला होता. तुझ्या मेहुण्यांनी माईक माझ्या हातात दिला आणि ओळख करून दिली, "हे दिगंबरराव. रतनचे कंपनीतले दोस्त. दोघं एकाच दिवशी लागले." मी सगळ्यांना जयभीम घातला आणि म्हणालो की इतक्या वर्षांत तू मशिनीवरून आलेला एकही चुकीचा जॉब पुढं जाऊ दिला नाहीस, तुझी नजर फार तेज होती. लोकांनी माना डोलावल्या. मी माईक खाली ठेवला, जागेवर येऊन बसलो आणि जे बोलायचं होतं ते पोटातच राहिलं.

तुला सांगतो, त्या दिवशी माझी पंचाईत त्याच्याही आधी झाली होती. भन्तेजींनी पंचशील सुरू केलं. तुमच्या घरच्या प्रत्येक कार्याला येऊन येऊन मला ते पाठ झालंय, हे तुला ठाऊक आहे. तू सगळ्यांना कौतुकानं सांगायचास, "आमचा पाटील आमच्यापेक्षा चांगलं म्हणतो." तर मी म्हणत होतो सगळ्यांबरोबर. चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही त्यापाशी, माझा आवाज बंद पडला. शेजारच्या माणसाला वाटलं मला रडू आलं. त्यानं पाठीवर हात ठेवला. रडू नव्हतं आलं रे.

आपली दोस्तीच भांडणावरून सुरू झाली. वाळूजच्या कंपनीत लागून जेमतेम वर्ष झालं असेल. मी ग्राइंडिंगला, तू इन्स्पेक्शनला. मी घासलेला गिअरचा एक अख्खा लॉट तू नापास मालाच्या लाल डब्यात टाकलास, कारण दोन मायक्रॉन जास्त होते. दोन मायक्रॉन म्हणजे काय, केसाचा पंचविसावा-तिसावा भाग. मी तुझ्या टेबलाशी येऊन हात जोडले, सुपरवायझर माझ्यावर आधीच खार खाऊन आहे म्हणालो, गयावया केली. तू मान वर न करता म्हणालास, "मी मोजलं तेवढं लिहिलं. तू मला भाऊ म्हण नायतर काय म्हण, माप बदलत नाय." आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तू माझ्यासाठी जागा धरलीस आणि डब्यातलं बोंबील-भाकर माझ्या मांडीवर ठेवलंस. "खातो का पाटील, का तेबी रिजेक्ट?"

पाटील तू मला चिडवायलाच म्हणायचास. आमची फुलंब्रीकडची दोन एकर चार भावांत, कसला पाटील आणि कसलं काय.

तुझ्या टेबलावरच्या माप घ्यायच्या प्रत्येक गेजवर चिकटवलेली चिठ्ठी असायची, पुढच्या तपासणीच्या तारखेची. तारीख उलटली की तू ते गेज कपाटात बंद करायचास, कितीही नवं असो. कुणी म्हणालं की अहो चांगलं तर दिसतंय, तर तुझं ठरलेलं उत्तर. "चांगलं दिसतंय म्हणून चांगलं असतंय व्हय?"

हे सगळं मी आज का उगाळतोय ते तुला कळलंच असेल. जो माणूस माझ्यासाठी दोन मायक्रॉनचं खोटं बोलला नाही, त्याच्या खोट्यासाठी मी डोळे तपासायचा अख्खा तक्ता मोठ्यानं वाचला. आणि त्यानं तो वाचून घेतला.

तुझ्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात सावली दिसायला लागली त्याला आता दहा वर्षं होतील. तुला वाटलं चष्म्याला ऑइल लागलंय. तू आठवडाभर चष्मा पुसत बसलास. इथल्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकून आत पाहिलं आणि हैदराबादची चिठ्ठी लिहून दिली. मी रजा टाकून बरोबर आलो. तिथल्या मॅडमनी सांगितलं, डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली गाठ आहे, कॅन्सरची, पण लहान आहे. डोळा काढता येईल. किरणांची चकती काही दिवस डोळ्याला शिवून ठेवता येईल. नाहीतर लेझरनं गाठ भाजता येईल, पण त्याची खात्री कमी.

परतीच्या गाडीत आपण परभणी येईपर्यंत भांडलो. मी म्हणालो काढून टाक तो डोळा, कटकट नको. तू म्हणालास, "तुझं काय जातंय पाटील. काढलेला डोळा परत बसत नसतो." मी म्हणालो, गेलेला जीव तरी कुठं परत येतो. समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं आपल्या दोघांना शेंगदाणे दिले आणि गप्प बसवलं. परभणीला तू चहा घ्यायला उतरलास आणि येऊन सांगितलंस की ठरलं, लेझर.

ते भांडण आपण पुढं कधीच पुरं केलं नाही. मला अजूनही वाटतं मी बरोबर होतो. आणि अजूनही वाटतं, तुझ्या जागी मी असतो तर मीही लेझरच म्हणालो असतो.

तीनदा गेलास. बाहेर आलास की माझी उत्सुकता बघून तू मजा घेत सांगायचास. हनुवटी टेकवली, डोळ्यावर भिंग ठेवलं, बाहुलीतून किरण आत. एका ठिपक्यावर मिनिटभर, मग शेजारच्या ठिपक्यावर मिनिटभर, असं करत अख्खी गाठ शेकली. कंपनीत आल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस, "काय नाय, जॉब हीट ट्रीटमेंटला गेला व्हता." आणि स्वतःच पुढं म्हणालास की भट्टीतून आलेला जॉब पुन्हा तपासावा लागतो, उष्णतेनं वाकडा होतो, तसं आपल्याला हैदराबादला जात राहावं लागणार.

मॅडमनी कागदावर काढून दाखवलं होतं. मधे पांढरा डाग, हा भाजलेला. त्याच्या कडेवर लक्ष ठेवायचं, कारण पुन्हा वाढली तर बहुतेक कडेनं वाढते, आणि कधी कधी पुष्कळ वर्षांनी. दरवेळी पोटाची सोनोग्राफीही करायची, कारण हा आजार डोळ्यातून निघाला तर यकृतात जाऊन बसतो. डाग हळूहळू पसरेल, नजर कमी होत जाईल, त्याची तयारी ठेवा. तू विचारलंस, किती वर्षं यायचं? त्या म्हणाल्या, "आप जितने साल जिएँगे, उतने साल." तुला ते उत्तर फार आवडलं. गेजची पद्धत ओळखणारं माणूस भेटलं असं तुला वाटलं असावं.

आणि तू गेलास, नेमानं. आधी सहा महिन्यांनी, मग वर्षानं. डाग थंड होता. पोट साफ होतं. चार-पाच वर्षांनी डाव्या डोळ्याची नजर उतरायला लागली, ती मॅडमनी सांगितल्याप्रमाणेच. त्यांना ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते कंपनीला.

दरवर्षी कंपनीत डोळे तपासणीचा कॅम्प लागायचा. कॅन्टीनच्या भिंतीला तोच एक तक्ता, गुंडाळी करून आणलेला, एका कोपऱ्याला चहाचा डाग. रांग टोकन नंबरानं. आपण एकाच दिवशी लागलो, म्हणून माझा नंबर तुझ्या आधीचा. नजर उतरली त्या वर्षी कॅम्पच्या सकाळी बसमध्ये तू हळूच म्हणालास, "दिगंबर, आज जरा मोठ्यानं वाच. आन दमानं वाच." पाटील म्हणाला नाहीस, तेव्हाच मला कळलं की तू घाबरलायस. डोळ्यात कमी निघालास तर इन्स्पेक्शनवरून काढून पॅकिंगला टाकणार, हे ठरलेलं. मी म्हणालो, तू खोटं बोलणार? तू म्हणालास, "माझं काम उजव्या डोळ्यानं व्हतंय. एकतरी चुकीचा जॉब गेला का आजवर? मग खोटं काय त्यात?"

मी मोठ्यानं वाचलं, दमानं वाचलं. तू मागं उभा राहून ऐकलंस आणि उजवा डोळा झाकून तस्संच म्हणून दाखवलंस. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "बढिया, काका." बाहेर येऊन तू मला चहा पाजलास. खरं सांगतो, तेव्हा मला वाईट काही वाटलं नाही. उलट दोन मायक्रॉनचा हिशेब मी जिंकल्यासारखं वाटलं.

पुढं लॉकडाऊन आलं. गाड्या बंद. एक तपासणी चुकली, मग दुसरी. गाड्या सुरू झाल्यावर तू तिकीट काढलंस, तर नेमकी त्याच तारखेला प्रज्ञाच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फेरी आली. वनितावहिनी म्हणाल्या, पोरीबरोबर तुम्हीच जा, हैदराबादला पुढच्या महिन्यात बघू. तिकीट रद्द केलंस. पुढचा महिना काही आला नाही. माणसाचं असंच असतं, रोजचं औषध चुकत नाही, वर्षाचं चुकतं. तू म्हणायला लागलास, "सात वर्षं झाली. आता काय व्हतंय?" मीही म्हणालो, व्हय, आता काय व्हतंय.

आणि मग तो कॅम्प. दोन वर्षांपूर्वीचा. बसमध्ये तू खिडकीकडं बघत हसत म्हणालास, "पाटील, लई गंमत झालीय. वरचं मोठं ई बी गेलं."

मी ऐकलं, रतन. नीट ऐकलं. तो ई हाताच्या पंजाएवढा आहे. आंधळा सोडला तर कुणालाही दिसतो. मी तुला विचारलं, मॅडमना फोन केला का? तू म्हणालास, "डाग पसरलाय, दुसरं काय. तिनंच सांगितलं व्हतं ना पसरेल म्हणून." हे पटण्यासारखं होतं, आणि मला ते पटवून घ्यायचंच होतं. तुला पॅकिंगला टाकलं असतं तर माझ्या मशिनीपासून दहा पावलांवर दुसरा कुणी बसला असता. वीस-पंचवीस वर्षं मान वर केली की तू दिसायचास. मला तू तिथं हवा होतास, एवढंच. यात तुझं भलं मी पाहिलं असं आता म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल.

बस नगर नाका ओलांडून छावणीतून वाळूजकडं निघाली होती. कंपनी येईपर्यंत मी तुला अख्खा तक्ता पाठ करवला, वरपासून खालपर्यंत, लहानपणी पाढे करवतात तसा. ई. एफ, पी. टी, ओ, झेड. तू एकदा चुकलास तर मी तुझ्या मांडीवर चापट मारली. आपण हसत होतो. कॅन्टीनमध्ये तू तक्त्यासमोर उभा राहिलास आणि एकही अक्षर न दिसता घडाघडा वाचलंस. कागदावर दोन्ही डोळे चांगले असं लागलं. वरच्या मोठ्या अक्षरालाच अडखळला असतास, तर त्या ताईंनी डॉक्टरला हाक मारली असती, डॉक्टरनं डोळ्यात बघितलं असतं. निदान विचारलं असतं, काका, हा डोळा कधीपासून असा?

गेल्या दिवाळीनंतर तुझं वजन उतरलं. डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून तू आठ दिवस कुठल्याशा पाल्याचा रस प्यायलास. मग सोनोग्राफी झाली आणि तिथल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, डोळ्याचं काही झालं होतं का?

हैदराबादला शेवटचं गेलो तेव्हा मॅडमचे केस पांढरे झाले होते. त्यांनी तुझ्या डोळ्यात खूप वेळ पाहिलं. डागाच्या कडेनं गाठ वाढली होती, आणि डोळ्याच्या बाहेरच्या बाजूलाही. तू खुर्चीवर बसून राहिलास आणि मी त्यांच्या मागं व्हरांड्यात गेलो. विचारलं, दोन वर्षं आधी आलो असतो तर? त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाल्या, सांगता येत नाही. कधी कडेची गाठ वाढते आणि मग आजार बाहेर पडतो. कधी तो लेझरच्याही आधी निघून गेलेला असतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. तुमच्या मित्राच्या बाबतीत कोणतं झालं हे मला कधीच कळणार नाही. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, नजर एवढी गेली तर तुम्हाला कुणाला कळलं कसं नाही? मी म्हणालो, त्यानं सांगितलं नाही.

बघ. तिथंही.

तुझ्या शेवटच्या दिवसांत मी उशाशी बसलो होतो, वहिनी बाहेर औषध आणायला गेल्या होत्या. तू माझं मनगट धरलंस. धरायला जोर नव्हता, नुसता हात ठेवलास म्हण. "पाटील, तक्त्याचं कुणाला बोलू नको. वनिताला तर नकोच." मी मान हलवली. मरणाऱ्या माणसापुढं दुसरं काय करतात?

तू शब्द घेऊन गेलास, पण मागं काय झालं ते ऐक. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडव उतरत होता, लोक पांगले होते. मी भांडी मोजून देत होतो. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला एक सांगू का? त्यांना मी घालवलं. तिकीट काढलेलं व्हतं, मीच म्हणाले पुढच्या महिन्यात जा. प्रज्ञाच्या फेरीला माझा भाऊबी गेला असता की." मी म्हणालो, असं काही नसतं वहिनी, मॅडम म्हणाल्या ना की काही सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगले म्हणून म्हणताय." आणि आत गेल्या.

चांगले म्हणून. रतन, त्या दिवसापासून मला भाकर गोड लागेना. एकीकडं तुझा शब्द, दुसरीकडं ती बाई, जिनं एक तिकीट रद्द करायला सांगितलं आणि आता जन्मभर तेवढ्यासाठी स्वतःला कोसणार. प्रज्ञानं मला सांगितलं की आई जेवत नाही, एकाच जागी बसून असते. तू मला सांग, तू असतास तर काय केलं असतंस? नको, सांगू नको. मला ठाऊक आहे. मोजलं तेवढं लिहिलं असतंस. फक्त स्वतःच्या डोळ्याच्या बाबतीत तुला ते जमलं नाही, आणि मी ते तुला जमू दिलं नाही.

म्हणून परवा, शुक्रवारी, पहिली पाळी सुटल्यावर मी सरळ तुझ्या घरी गेलो आणि वहिनींना सांगितलं. पहिल्या वर्षापासून. बसमधलं, कॅन्टीनमधलं, मांडीवर मारलेली चापटसुद्धा. व्हरांड्यात मॅडमशी बोललो ते खोटंही. तू शब्द घेतला होतास हेही सांगितलं. माफी मागितली, ती मात्र नीट मागता आली नाही.

त्या खाली बसल्या होत्या, तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "वरचं अक्षर म्हणजे केवढं असतंय?"

मी हाताचा पंजा धरून दाखवला. त्यांनी माझ्या पंजाकडं खूप वेळ पाहिलं.

"एवढंबी दिसत नव्हतं त्यांना?"

"डाव्या डोळ्यानं नाही."

"मी चहा द्यायचे ना, डावीकडनं," त्या म्हणाल्या, "तर त्यांचा हात लागून कप सांडायचा. सारखाच सांडायचा. मी वरडायचे त्यांच्यावर. मी म्हणायचे, लक्ष कुठं असतं तुमचं." मग पदरानं तोंड पुसलं. "एकदाबी म्हणाले नाहीत की मला दिसत नाही. सॉरी म्हणायचे आन फरशी पुसायचे."

बाहेर कुणीतरी पाण्याची मोटार लावली, तिचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे नुसतं त्या तिकिटानंच नाही झालं." त्यांचा आवाज कसा होता ते मला सांगता येणार नाही. राग होता, पण आठ-पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्या माणसासारख्या बोलल्या. मी म्हणालो, नाही वहिनी, नुसतं तिकिटानं नाही.

मी उठलो. दर रविवारी सकाळी मी तुझ्याकडं येतो, तू गेल्यावरही येत होतो, त्यामुळं सवयीनं म्हणालो, येतो रविवारी. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "या रविवारी येऊ नका, भाऊजी."

मी चपला घातल्या. फाटक उघडून बाहेर पडलो, तेव्हा मागून आवाज आला.

"त्याच्या पुढच्या या."

आज रविवार आहे, रतन. मी घरीच आहे.